अंजीर धरलं की जातो

मला अंजीर आवडतं. त्यामागं काही कथा-बिथा नाही. लहानपणी कुणी आणून दिलं नव्हतं, खाताना कुणाची आठवण येत नाही. फोडलं की आत लालबुंद, दाताखाली बारीक बिया कुरकुरतात, एवढ्यावर मी खूश. पण बाजारातली अंजिरं पुरंदरकडून सोलापूरला पोचेपर्यंत निम्मी आंबलेली असतात. म्हटलं, घरीच लावू. आता घर म्हणजे काय, तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या अलीकडं एका चाळीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि डोक्यावर तापणारी गच्ची. जमीन आणायची कुठनं? मग ड्रममध्ये लावायचं ठरलं.

ड्रमला आमच्याकडं तोटा नाही. टॉवेलच्या कारखान्यांत कापड धुवायची, रंगवायची औषधं निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधून येतात आणि रिकामे झाले की ते ड्रम गावभर पसरतात. आमचे हे अशाच एका कारखान्यात शिफ्टचे सुपरवायझर. त्यांच्या मागं लागून एक ड्रम आणवला, मधोमध कापून घेतला, वास जाईपर्यंत रोज पाणी भरून ओतलं, तळाला भोकं पाडली आणि नर्सरीतून आणलेलं कलम त्यात लावलं. पहिल्याच उन्हाळ्यात, झाड कमरेएवढंही नसताना, चार-पाच अंजिरं लागली. त्यातलं एक मी यांना दिलं. बाकीची गच्चीवर उभ्या उभ्या मीच खाल्ली. लाज कसली? पाणी कोण घालत होतं?

त्याच वर्षी दिवाळीनंतर मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. ते राहायचे मंद्रूपला, शेतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकटे दीर तिथं होते, पण कामासाठी ते बायकापोरांना घेऊन पुण्याकडं गेले, शेत वाट्यानं दिलं, घराला कुलूप लागलं आणि त्यातच मामांचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी यांनी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. मामांनी उंबऱ्याच्या आत पाय ठेवायच्या आधीच मला सांगून टाकलं, "डोळा झाला की जातो बग पोरी. मी काय हितं ऱ्हायला आलो न्हाय."

मी म्हटलं, "बरं, आधी आत तर या."

डोळा झाला. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी मामा पहिल्यांदा गच्चीवर गेले, झाड बघून आले आणि जिन्यातूनच ओरडले, "अगं, उपाशी ठेवलंयस की त्याला!"

माझ्या नाकावरचा राग शोधायला लांब जावं लागत नाही. मी शिलाईचं मशीन थांबवलं. मी घरीच टॉवेलच्या कडा शिवते, कारखान्यातून गठ्ठे येतात. "उपाशी कशानं? दर महिन्याला चमचाभर खत घालते मी," मी म्हटलं.

"चमचाभर! झाडाला काय खोकल्याचं औषिद देतीस व्हय?"

"नर्सरीवाल्यानं तसंच सांगितलंय. ड्रममधल्या झाडाला जास्त घातलं की मुळं जळतात."

"ते खरं हाय त्याचं," मामा खाटेवर बसले. "रानातल्या झाडाला खत जास्त झालं तर ते मूळ दुसरीकडं धाडतं. ड्रमातलं झाड कुटं जाणार? त्याला साकु म्हनता येत न्हाय." मंद्रूपला निम्मं गाव कानडी बोलतं. साकु म्हणजे पुरे. मामांना भूक, राग आणि हिशोब या तिन्ही वेळेला कानडी आठवायची. "पर म्हनून उपाशी मारायचं न्हाय. थोडं थोडं, घडोघडी द्यायचं. तू थांब. तुजं झाड फळाला आनून देतो. अंजीर धरलं की जातो."

मला काय, हर्षच झाला. या माणसानं जन्मभर द्राक्षं केलेली. घरात आयता जाणकार आल्यावर मी कशाला नर्सरीवाल्याचे पाय धरू? खताचं खातं मी मामांच्या हवाली केलं.

त्यांनी काम मात्र झकास केलं. झाड मुळासकट उपसलं, ड्रमच्या कडेनं गोल गोल फिरलेली मुळं कातरली, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मातीत कालवून झाड परत बसवलं. पेंडीच्या वासानं शेजारीण विचारायला आली, काही मेलंय का म्हणून. मामा सकाळी पाणी घालायचे, संध्याकाळी ड्रमच्या मातीत बोट खुपसून ओल बघायचे. गच्ची तापायला लागली तशी त्यांनी ड्रमला जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळला, प्लास्टिक तापून मुळं शिजू नयेत म्हणून. आणि झाड असं उठलं म्हणता! पान ताटाएवढं. रंग हिरवागार, काळ्याकडं झुकलेला. पाणी यायच्या दिवशी टाकी बघायला खालचे लोक वर यायचे, ते सुद्धा झाडाजवळ थांबून जायचे.

अंजीर मात्र एक नाही.

उन्हाळ्यातला गोड बार, म्हणजे अंजिराचा खरा हंगाम, तसाच गेला. मी म्हटलं, "मामा, पानं खायची का आता? भजी करू?"

"धरंल की. तुला लई घाई."

मंद्रूपहून वाटेकरी फोन करायचा. मामा मोबाईल तोंडासमोर आडवा धरून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलायचे. "व्हय व्हय, बरा हाय. हितलं एक काम ऱ्हायलंय. सुनंचं अंजीर धरलं की येतोय." त्यांची नायलॉनची पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला होता. तो रिकामाच राहिला. धोतर, सदरा पिशवीतून काढायचा, धुऊन वाळला की घडी करून परत पिशवीत. लेक आमची शिकायला बाहेरगावी, कप्प्याला दुसरा कुणी वारस नव्हता. पण सांगून ऐकतील तर ते मामा कसले? मी सोडून दिलं.

तोपर्यंत घराला त्यांची सवय झाली होती, म्हणजे मला झाली होती. यांना घरात काय चाललंय ते कळत नाही. घरी आले की जेवण, मोबाईल, झोप. दिवसभर मी आणि मशीन. मामा आल्यावर मशीनशेजारी त्यांची खाट आली. शिवून झालेल्या टॉवेलचे लोंबते धागे ते छोट्या कात्रीनं कापायचे आणि मला प्रत्येक टॉवेलचा दोष सांगायचे. हा तिरका शिवलास. ह्याची कड कुत्र्यानं चावल्यागत झालीय. मी म्हणायची, तुम्ही बसा मशीनवर. चार वाजता चहा तेच टाकायचे, माझ्यापेक्षा दुप्पट साखर घालून. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला आम्ही दोघं मिळून शिव्या घालायचो. आमची भांडणं ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा यांना अडवून विचारलं, तुमच्या घरात सगळं ठीक आहे ना? यांनी सांगितलं, दोघं गप्प बसली तर मला कळवा.

पावसाळा आला. त्या बाराची अंजिरं आंबट निघतात, पण निदान धरतील तरी, म्हणून मी रोज पानांच्या बेचक्यांत बघायची. काही नाही. उलट पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि मातीवर पांढरा थर दिसायला लागला. मी घाबरून मामांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा ते बादलीमागून बादली ड्रममध्ये ओतत राहिले, खालच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. "बोअरचं पानी खारट हाय, त्याचं मीठ बसतंय," म्हणाले. आठ-पंधरा दिवसांत झाड पुन्हा टवटवीत. मला कौतुक वाटलं. मरायला टेकलेलं झाड धुऊन जगवलं की माणसानं!

पण कौतुकानं अंजीर धरत नाही. पुढची दिवाळी आली, गेली. थंडीत झाडं पानं गाळतात म्हणे, आमचं मात्र नवी पालवी फोडत बसलं. माझा धीर सुटला.

"मामा, आजपासून खत मी घालणार. तुम्ही ड्रमला हात लावायचा नाही," मी सांगून टाकलं.

"बरं," मामा म्हणाले. वाद घातला नाही, हे नवलच होतं. मला वाटलं, हरले बिचारे.

मग मी लागले. मोबाईलवर बघून घेतलं. फळासाठी पोटॅश पाहिजे, फुटव्यासाठी नत्र. चुलीवर भाकरी करणाऱ्या एका बाईकडून राख आणून चाळून घातली. दुकानातून पोटॅशची पुडी आणली, पाण्यात चिमूट-चिमूट विरघळवून घातली. हाडांचा चुरा घातला. शेणखत बंद, पेंड बंद. उन्हाळा तोंडावर आला. झाड आणखी हिरवं, आणखी उंच, आणि बेचक्या रिकाम्या.

आता उरला नर्सरीवाला. मी एका दुपारी चप्पल घातली आणि उन्हातान्हात तडक त्याच्याकडं गेले. तो आमच्याच वयाचा, मुसलमान, अर्धं मराठी अर्धं दखनी बोलणारा, स्वभावानं थंड.

"तुम्ही मला वांझ झाड दिलंत," मी दारातूनच सुरू केलं. "पावणेदोन वर्षं होत आली, एक फळ नाही. घेऊन जा तुमचं झाड."

"भाबी, पहले बैठो तो. पानी पिओ. फोटो हाय का?"

मी मोबाईल पुढं केला. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, पानं बघितली, शेंडा बघितला. "वांझ कैसा? पहले साल फल दिया ना? झाड एक नंबर हाय. पन इसको युरिया लई हो रा. युरिया हुआ तो पत्तेच पत्ते आते, फल नई आता."

"युरिया?" मी उडालेच. "आमच्या घरात युरियाचा दाणा नाही. मी राख घालते, पोटॅश घालते."

"तुम नई डालते तो दुसरा कोई डाल रा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

रस्त्यानं येताना माझं डोकं तापलं होतं ते उन्हानंच नव्हे. दुसरा कोण? हे तर गच्चीवर चढतच नाहीत. घरी आले, खाट रिकामी. तशीच जिना चढले.

मामा ड्रमजवळ उकिडवे बसले होते. हातात तांब्या, आणि त्यात ते काडीनं ढवळत होते. पाण्याच्या टाकीमागं एक जुना प्लास्टिकचा डबा उघडा पडला होता, त्यात पांढरे गोल दाणे. शेतकऱ्याच्या घरात दिलेली बाई मी, ते ओळखायला मला वास घ्यावा लागला नाही. वाटेकरी अधूनमधून ज्वारी घेऊन यायचा, त्या पिशवीत हेही येत होतं तर.

"मामा, काय आहे ते?"

त्यांनी वर बघितलं. लपवलं नाही. "युरिया."

झालं! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मी तिकडं राख चाळत बसलेय, पोटॅशच्या पुड्या आणतेय, त्या नर्सरीवाल्याला उन्हात जाऊन नाही नाही ते बोलून आले, आणि तुम्ही इथं चोरून युरिया घालताय! जन्मभर द्राक्षं केलीत ना तुम्ही? नत्र जास्त झालं की झाड पानात जातं, फळ धरत नाही, एवढं तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक हाय की," मामा म्हणाले.

मामा माझ्याकडं बघत नव्हते. ते तांब्यातल्या पाण्याकडं बघत होते आणि काडी अजून फिरतच होती.

मग एकेक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली. पांढरा थर बोअरच्या पाण्याचा नव्हता. झाड करपायला लागलं की ते धुऊन काढायचं, सावरलं की पुन्हा युरिया. मरू द्यायचं नाही आणि फळूही द्यायचं नाही. एवढ्या बेतानं खत घालणं माझ्यासारखीच्या हातून झालंच नसतं. आणि हे सगळं कशासाठी, तर तोंडातून शब्द गेला होता म्हणून. अंजीर धरलं की जातो, असं वाटेकऱ्याला सांगितलेलं, यांना सांगितलेलं, चाळीला सांगितलेलं.

"तितं कोण हाय आता, पोरी?" मामा हळू म्हणाले. "कुलूप काढायचं, दिवा लावायचा, एकट्यानं भाकरी खायची. शेत दुसरा करतोय. सकाळी उठून बोलायचं कुनाशी? पर बोलून बसलो हुतो. आनि तूबी कदी म्हनली न्हाईस, ऱ्हावा म्हनून."

हे मात्र मला लागलं. मी काय म्हणणार होते? पाहुण्याला राहा म्हणतात. आणखी एक दिवस राहा, जेवून जा, अशी गळ पाहुण्याला घालतात. घरच्या माणसाला कुणी राहा म्हणतं का? मी यांना कधी म्हटलंय, आज घरी राहा हं, म्हणून? मामांना राहा म्हणायचं माझ्या मनातच आलं नाही, कारण ते जातील हे मला कधी खरंच वाटलं नव्हतं. ते जातो जातो म्हणायचे, मी ऐकून सोडून द्यायची. आणि हा माणूस सव्वा वर्ष, खाटेवर बसून माझे धागे कापत, त्या एका शब्दाची वाट बघत होता.

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. पदरानं नाक पुसलं आणि त्याच चढ्या आवाजात म्हटलं, "मग आता म्हणते, ऐका. तुम्ही कुठं जायचं नाही. अंजीर धरो, नाहीतर झाड वाळून जावो. तुम्ही गेलात तर मला करमायचं नाही. दिवसभर मी भांडू कुणाशी? त्या मशीनशी?"

मामांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लगेच येतं, ते त्यांनी मनगटानं पुसलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, तांब्या गच्चीच्या मोरीत उपडा केला आणि नळाखाली धरून दोनदा खळाळून धुतला.

"एवडं आदी म्हनायचंस की," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "धरू दे मग आता फळ."